पाच स्टार, हजारो रिव्ह्यू आणि तरीही स्वस्त पॉवर बँक ‘फुसकी’ का निघते?

सणासुदीचा ऑनलाइन सेल सुरू झाला की मोबाईलच्या स्क्रीनवर एकच चित्र दिसतं. पॉवर बँक ७९९ रुपयांना, खाली ४.२ स्टार, त्यापुढे काही हजार रेटिंग्ज आणि पहिलाच रिव्ह्यू म्हणतो, “व्हॅल्यू फॉर मनी, डोळे झाकून घ्या.” लोक घेतातही. दोन-तीन महिन्यांनी ती पॉवर बँक फोन एकदाही पूर्ण चार्ज करत नाही, पण तोपर्यंत रिटर्नची मुदत संपलेली असते आणि पुन्हा जाऊन रिव्ह्यू बदलायचा उत्साहही राहिलेला नसतो.

चाळीस हजारांचा फोन घ्यायचा असेल तर यूट्यूबवर त्याचे पन्नास रिव्ह्यू सापडतात. कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन, सगळं मोजून दाखवलेलं असतं. चारशे रुपयांचा चार्जर, तीनशेची केबल किंवा सहाशेचा पेन ड्राइव्ह मात्र सहसा कुणी मोजत नाही. म्हणजे ज्याच्याकडे वाया घालवायला पैसे नाहीत, त्यालाच सगळ्यात कमी खात्रीची माहिती मिळते. त्याच्या हातात उरतात फक्त स्टार.

हे स्टार खोटे असतात का? काही असतात. पण खरी गोम अशी की, जे स्टार अगदी प्रामाणिकपणे दिलेले असतात, तेही बऱ्याचदा चुकीचं चित्र उभं करतात. ते कसं, आणि मग स्वस्त वस्तू घेताना नेमकं काय बघायचं, हे समजून घेऊ.

प्रामाणिक रिव्ह्यू चुकतो कसा?

सगळ्यात सोपं उदाहरण पेन ड्राइव्हचं. ‘२ टीबी, फक्त ५९९ रुपये’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. असा पेन ड्राइव्ह घरी येतो, लॅपटॉपला लावला की विंडोज खरोखरच २ टीबी दाखवतं. ग्राहक खूश होतो, दोन-चार गाणी, काही फोटो टाकून बघतो, ते उघडतात. पाच स्टार.

प्रत्यक्षात आतली मेमरी ३२ किंवा ६४ जीबीची असू शकते. पेन ड्राइव्हमध्ये एक छोटी कंट्रोलर चिप असते आणि आपली क्षमता किती हे कॉम्प्युटरला तीच सांगते. तिच्यातला प्रोग्रॅम बदलून तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर टाकलेल्या फाइल्स एकतर जुन्या फाइल्सवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरून जातात. फाइलचं नाव दिसतं, आत काही नसतं. लग्नाचे फोटो किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट गेला हे कळतं तेव्हा काही महिने उलटलेले असतात.

इथे रिव्ह्यू लिहिणारा खोटं बोललेला नाही. त्याने पहिल्या दिवशी जे पाहिलं ते लिहिलं. स्वस्त इलेक्ट्रॉनिक्समध्ये नेमकी हीच अडचण आहे. दिसणं, पॅकिंग, डिलिव्हरी आणि ‘चालू झालं’ एवढंच पहिल्या दिवशी कळतं. बॅटरी किती टिकणार, चार्जर किती तापणार, केबल किती महिन्यांनी तुटणार, हे कळायला वेळ लागतो. रिव्ह्यूचा मेसेज मात्र डिलिव्हरीनंतर चार दिवसांत येतो.

यात एक उलटी बाजूही आहे. ६४ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह विंडोजवर साधारण ५९ जीबीच दिसतो आणि त्यावर चिडून अनेक जण एक स्टार देतात. ती फसवणूक नसते. कंपनी जीबी मोजताना हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे आकडा कमी दिसतो. म्हणजे खोट्या वस्तूला पाच स्टार आणि खऱ्या वस्तूला एक स्टार, असंही होऊ शकतं.

१०,००० एमएएचमधले ४,००० जातात कुठे?

आता पॉवर बँकेकडे येऊ. फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आणि पॉवर बँक १०,०००ची, म्हणजे फोन दोनदा चार्ज व्हायला हवा, असा सरळ हिशोब सगळेच करतात. तो चुकतो, आणि वस्तू अस्सल असली तरी चुकतो.

पॉवर बँकेच्या आतल्या लिथियम बॅटरीचा व्होल्टेज साधारण ३.७ असतो. १०,००० एमएएच हा आकडा त्या व्होल्टेजवरचा आहे. एमएएचचं अँपिअर-अवर करून व्होल्टेजने गुणलं की ऊर्जा मिळते, ३७ वॅट-अवर. पण यूएसबीतून बाहेर पडताना किमान ५ व्होल्ट लागतात. ३७ ला ५ ने भागलं की उरतात ७,४०० एमएएच. हा व्होल्टेज वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. सगळं जाऊन हातात येतात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच. त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन चांगल्या पॉवर बँकेवरही साधारण सव्वा ते दीड वेळाच चार्ज होतो.

हा आकडा लपवलेला नसतो. पॉवर बँकेच्या मागे, बारीक अक्षरात, ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून तो छापलेला असतो. पुढे मोठ्या अक्षरात १०,००० आणि मागे ५,८०० किंवा ६,२००. दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर पुढचा आकडा सोडून मागचा बघायचा. आणि मागे रेटेड कपॅसिटी छापलेलीच नसेल, तर ती वस्तू तिथेच ठेवायची.

मोठ्या अक्षरातला आकडा आणि खरा आकडा यांच्यातला हा खेळ नवा नाही. कॅसेटच्या जमान्यात म्युझिक सिस्टीमवर ‘२,००० वॅट पीएमपीओ’ असे स्टिकर असायचे. पीएमपीओ मोजण्याची कुठलीही सर्वमान्य पद्धत नव्हती. सतत मिळणारी ताकद म्हणजे आरएमएस वॅट, ते जेमतेम वीस-तीस असायचे. स्टिकर बदलले, युक्ती तीच राहिली.

जिथे कुठलाच रिव्ह्यू पोहोचत नाही

आतापर्यंतचं नुकसान पैशांचं होतं. पण २०२५ मध्ये पॉवर बँकेचा प्रश्न सुरक्षेवर आला.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असताना आतून पेटलं. सगळे प्रवासी आणि कर्मचारी बाहेर पडू शकले. सामानाच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेच्या बॅटरीतलं इन्सुलेशन निकामी होऊन आग लागली असावी, असं कोरियाच्या सरकारने नंतर सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये अँकर या नावाजलेल्या कंपनीने अमेरिकेत आपल्या एका मॉडेलच्या साधारण ११.५ लाख पॉवर बँका परत मागवल्या. आग आणि स्फोटाच्या १९ तक्रारी आल्या होत्या. चीनमध्ये रोमॉस या कंपनीने ४.९ लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. २८ जूनपासून तर चीनने देशांतर्गत विमानात ‘थ्री-सी’ हे सुरक्षा चिन्ह नसलेल्या पॉवर बँका नेण्यावरच बंदी घातली.

अँकर काही अनोळखी ब्रँड नाही. परत मागवलेलं मॉडेल अमेरिकेत २०१६ पासून विकलं जात होतं. वर्षानुवर्षं लोकांनी ते वापरलं. दोष होता आतल्या बॅटरीच्या सेलमध्ये, जो बहुतेक ब्रँड स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्या कंपनीकडून घेतात. हा दोष ग्राहकाला दिसणं शक्य नव्हतं आणि हौशी रिव्ह्यूअरलाही.

वस्तू ‘चांगली चालते’ आणि वस्तू ‘सुरक्षित आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही.

खोटे रिव्ह्यू येतात कुठून?

प्रामाणिक रिव्ह्यूची ही मर्यादा आहे. त्यावर खोट्या रिव्ह्यूंचा थर चढतो. त्याचे प्रकार साधारण असे:

• रिफंडच्या बदल्यात रिव्ह्यू: टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकवर ग्रुप चालतात. वस्तू स्वतःच्या पैशाने मागवायची, पाच स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, पैसे परत मिळतात. खरेदी खरी असल्याने रिव्ह्यूवर ‘व्हेरिफाइड पर्चेस’चा शिक्काही बसतो. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने अशा १०,००० हून जास्त फेसबुक ग्रुपच्या चालकांवर अमेरिकेत खटला भरला होता. यावरून या धंद्याचा आवाका लक्षात येईल.

• डब्यातली चिठ्ठी: “पाच स्टार द्या, ५० रुपये कॅशबॅक मिळवा” असं कार्ड पाकिटात निघतं. पैशाच्या मोबदल्यात रिव्ह्यू घेण्याला मोठ्या ई-कॉमर्स साइट्सच्या नियमांत बंदी आहे. तरी हा प्रकार सर्रास दिसतो.

• जुन्या पाटीवर नवा माल: एखाद्या मोबाईल कव्हरला हजारो चांगले रिव्ह्यू मिळालेले असतात. विक्रेता त्याच पानावर वस्तू बदलतो आणि तिथे इअरबड्स विकायला लागतो. रिव्ह्यू तेच राहतात. खाली स्क्रोल केल्यावर इअरबड्सच्या पानावर “कव्हर फोनला एकदम फिट बसलं” असं दिसलं, तर समजायचं.

• एकच वस्तू, दहा नावं: कारखाना एकच, वरचं नाव वेगळं. एका नावाचे स्टार घसरले की दुसऱ्या नावाने नवं पान सुरू होतं.

म्हणून सरासरी स्टारपेक्षा दोन आणि तीन स्टारवाले रिव्ह्यू जास्त उपयोगी पडतात. पाच स्टार विकत घेतलेले असू शकतात. एक स्टार बऱ्याचदा डिलिव्हरी बॉयवरचा किंवा फुटलेल्या डब्यावरचा राग असतो. दोन-तीन स्टार देणारा माणूस सहसा वस्तू वापरून, काय चांगलं काय वाईट ते सांगतो. त्यातही तारखेनुसार लावून सगळ्यात नवे रिव्ह्यू आधी वाचायचे. तीन वर्षांपूर्वीच्या मालात आणि आजच्या मालात, नाव तेच असलं तरी, आतला सेल वेगळा असू शकतो.

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरचे रिव्ह्यू किती भरवशाचे?

चांगलं काम करणारे अनेक जण आहेत. पण बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, रिव्ह्यूसाठीची वस्तू बऱ्याचदा कंपनीच पाठवते, आणि कंपनी वाईट नग कशाला पाठवेल? दुसरी, व्हिडिओखालच्या लिंकवरून खरेदी झाली की त्यातलं कमिशन रिव्ह्यूअरला मिळतं. ‘घेऊ नका’ असं सांगितलं तर कमिशन शून्य. तिसरी, व्हिडिओ वस्तू बाजारात येते त्याच आठवड्यात यावा लागतो, नाहीतर व्ह्यूज मिळत नाहीत. त्यामुळे सहा महिन्यांनी काय होतं हे सांगायला कुणी परत येत नाही.

यातली पैशाची बाजू उघड करणं भारतात बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेतले, वस्तू फुकट मिळाली, सवलत मिळाली, असा कुठलाही संबंध असेल तर तो प्रेक्षकाला चुकणार नाही अशा पद्धतीने आणि सोप्या भाषेत सांगावा लागतो. हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्या व्यक्तीवर आधी एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्याची बंदीही येऊ शकते.

मग खोट्या रिव्ह्यूंवर नियम नाही का?

आहे, पण अर्धवट. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिता येत नाही. त्यानंतर भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारी व्यक्ती खरी आहे का हे तपासणं, विकत घेतलेले रिव्ह्यू न छापणं, नावडते रिव्ह्यू न दडवणं, अशा गोष्टी त्यात आहेत. अडचण एकच होती, ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. २०२४ मध्ये ते सक्तीचं करण्याच्या मसुद्यावर सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांशी चर्चा केली.

इतर देश याबाबतीत पुढे गेले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं यावर थेट दंडाचा नियम लागू झाला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर कायद्याने बंदी आली आणि ते रोखण्याची जबाबदारी वेबसाइटवरही टाकली गेली. फरक इथेच आहे. जबाबदारी वेबसाइटवर असेल तर ती छाननी करते. ती नसेल तर छाननी करायची वेळ ७९९ रुपये देणाऱ्या ग्राहकावर येते.

स्टारपेक्षा महत्त्वाचा एक नंबर

भारतात ग्राहकाच्या बाजूने असलेलं आणि फारसं कुणी न वापरणारं एक साधन आहे, बीआयएसचा नोंदणी क्रमांक. २०१२ च्या आदेशानुसार ठराविक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ही नोंदणी सक्तीची झाली. यादी टप्प्याटप्प्याने वाढली. आज त्यात लॅपटॉप, मोबाईल, चार्जर अर्थात पॉवर अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, कीबोर्ड, स्मार्ट वॉच, वायरलेस इअरफोन, ब्लूटूथ स्पीकर, वेबकॅम, यूएसबी हार्ड डिस्क अशा रोजच्या वस्तू येतात. नोंदणीशिवाय त्या भारतात विकता येत नाहीत आणि आयातही करता येत नाहीत.

वस्तूवर किंवा डब्यावर बीआयएसचं चिन्ह, भारतीय मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक असतात. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप उघडून हा क्रमांक टाकला की निर्माता कोण, नोंदणी कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या ब्रँडसाठी आहे, ती चालू आहे की संपली, हे कळतं. काम एका मिनिटाचं आहे. पॉवर बँकेवरचा क्रमांक टाकल्यावर अ‍ॅपमध्ये एलईडी दिव्याची नोंदणी दिसली, तर उत्तर मिळालंच.

या नंबरच्याही मर्यादा माहीत हव्यात. तो सुरक्षेबद्दल बोलतो, दर्जाबद्दल नाही. इअरफोनचा आवाज चांगला आहे की पॉवर बँक खरंच तेवढ्या एमएएचची आहे, हे तो सांगत नाही. शिवाय प्रयोगशाळेत तपासलेला असतो तो नमुना, तुमच्या हातातला नग नाही. आणि चिन्ह खोटंही छापलं जातं. १९ मार्च २०२५ रोजी बीआयएसने दिल्लीत अ‍ॅमेझॉन सेलर्सच्या गोदामावर घातलेल्या छाप्यात साडेतीन हजारांहून जास्त विद्युत वस्तू जप्त झाल्या, साधारण ७० लाख रुपयांच्या. त्यात गिझर, मिक्सर अशा वस्तू होत्या, काहींवर आयएसआय मार्क नव्हता, काहींवर तो बनावट होता. म्हणून चिन्ह दिसलं एवढ्यावर थांबायचं नाही, नंबर टाकून बघायचा.

एका माणसाच्या रिव्ह्यूने नियम बदलला होता

रिव्ह्यू निरुपयोगीच असतात असा याचा अर्थ नाही. २०१५ मध्ये यूएसबी टाइप-सी नवीन असताना बाजारात सदोष केबलींचा पूर आला. जुन्या यूएसबी पोर्टमधून टाइप-सी फोन चार्ज करणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. तो फोनला सांगतो की बेताने वीज घे. अनेक स्वस्त केबलींमध्ये चुकीचा रेझिस्टर होता, त्यामुळे फोन पोर्टच्या ताकदीपेक्षा जास्त वीज ओढायचा आणि पोर्ट जळण्याची भीती असायची.

गुगलमधला इंजिनिअर बेन्सन लुंग याने अ‍ॅमेझॉनवरच्या केबली स्वतः विकत घेऊन, मोजून, एकेका केबलीचा रिव्ह्यू लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलीत तर वीज आणि ग्राउंडच्या वायरीच उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्याचा लॅपटॉपच निकामी झाला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींवर बंदी घातली.

त्याच्या रिव्ह्यूमध्ये तीन गोष्टी होत्या ज्या बहुतेक रिव्ह्यूंमध्ये नसतात. वस्तू स्वतःच्या पैशाने घेतलेली, मोजमाप उपकरणाने केलेलं आणि निकष सगळ्यांना माहीत असलेलं मानक. कुठलाही रिव्ह्यू वाचताना किंवा बघताना हेच तीन प्रश्न विचारता येतात. मुंबईत १९६६ पासून काम करणाऱ्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियासारख्या ग्राहक संस्थाही वस्तू तपासून निष्कर्ष छापण्याचा हाच आग्रह धरत आल्या आहेत. पण बाजारात रोज येणाऱ्या शेकडो वस्तूंपुढे अशा संस्थांची ताकद तोकडी पडते.

घेताना काय बघायचं?

चार्जर: ‘फास्ट’ या शब्दाला अर्थ नाही. मागे आउटपुटच्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ९ व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे २७ वॅट. दोन पोर्टच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलं असेल तर ते सहसा दोन्ही पोर्ट मिळून असतात. तुमचा फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने फास्ट चार्ज होत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा जास्त वॅटचा चार्जर लावूनही वेग कमीच मिळू शकतो.

केबल: टाइप-सी दिसायला सगळ्या सारख्या, काम वेगळं. ६० वॅटपेक्षा जास्त ताकदीसाठी केबलीत ओळख सांगणारी छोटी चिप लागते. लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर केबलीवर १०० किंवा २४० वॅट स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि चार्जिंगच्या बऱ्याच केबली डेटा मात्र जुन्या यूएसबी २.० च्या, म्हणजे ४८० एमबीपीएसच्या वेगानेच नेतात. हार्ड डिस्कसाठी केबल घेताना हे तपासा.

इअरबड्स: ‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ एक नाहीत. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं, समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून. लोकलमधला आवाज तुमच्या कानाला कमी करायचा असेल तर एएनसी लागतं. ‘५० तास प्लेबॅक’मध्ये डबीची बॅटरीही धरलेली असते, एका चार्जवर किती तास ते वेगळं बघा. ‘आयपीएक्स४’ म्हणजे घाम आणि पावसाचे शिंतोडे चालतील, पाण्यात पडलं तर नाही.

पॉवर बँक: रेटेड कपॅसिटी, बीआयएस नंबर आणि वॅट-अवरचा आकडा. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात नेता येते, चेक-इन बॅगेत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. ‘५०,००० एमएएच’ लिहिलेली हलकीफुलकी पॉवर बँक दिसली तर दोनच शक्यता आहेत. आकडा खोटा आहे, किंवा ती विमानात नेता येणार नाही. फुगलेली पॉवर बँक वापरू नका, दाबून बघू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ती ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: रिटर्नच्या मुदतीत पूर्ण भरून तपासा. विंडोजसाठी ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ आणि लिनक्स किंवा मॅकसाठी ‘एफ-थ्री’ ही मोफत सॉफ्टवेअर खरी क्षमता सांगतात. रात्री लावून ठेवा, सकाळी निकाल मिळतो. महत्त्वाचा डेटा त्याआधी टाकू नका.

कुठलीही वस्तू असो, डब्यावर निर्माता किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, कस्टमर केअरचा नंबर आणि आयात वस्तू असेल तर ती कोणत्या देशात बनली हे छापणं बंधनकारक आहे. वर्षाची वॉरंटी लिहिली असेल आणि फोन करायला नंबरच नसेल तर ती वॉरंटी कागदावरच राहते. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या बाजारातून घेताना एक फायदा असतो, दुकानदाराला समोर लावून दाखवायला सांगता येतं. पण तिथेही पक्कं बिल मागा. बिल नसेल तर पुढे तक्रार करणं अवघड होतं.

फसवणूक झालीच तर?

आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियमानुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तिथे दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते, ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बीआयएसचा नंबर खोटा निघाला तर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्येच तक्रारीची सोय आहे.

पाचशे रुपयांसाठी एवढं कोण करतं, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. खोटा माल विकणाऱ्याचा धंदा नेमका याच विचारावर चालतो. एका ग्राहकाचे पाचशे रुपये छोटी रक्कम असेल, दहा हजार ग्राहकांचे मिळून पन्नास लाख होतात.

आणि कुठलाही कायदा किंवा अ‍ॅप न लागणारी एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. वस्तू आली त्या दिवशी स्टार देऊ नका. महिनाभर वापरा, मग रिव्ह्यू लिहा. फोन किती वेळा चार्ज झाला, केबल किती दिवस टिकली, आर-नंबर टाकल्यावर काय दिसलं, एवढ्या तीन ओळी पुरेशा आहेत. पुढच्या सेलमध्ये ७९९ रुपये हातात घेऊन बसलेल्या कुणाला तरी त्या ओळी ‘डोळे झाकून घ्या’पेक्षा नक्कीच जास्त कामाला येतील.